दोन पोफळींच्या मध्ये

दिवाळीचा कंदील उतरवून माळ्यावर टाकला की माझे तळहात घामेजायला लागतात. बाहेर थंडी असो नसो. पोलादपूरच्या डॉक्टरांना एकदा दाखवलं. त्यांनी साखर तपासली, ब्लडप्रेशर तपासलं आणि टेन्शन घेऊ नका म्हणून घरी पाठवलं. त्यांना काय सांगणार? डॉक्टर, सुपारीचा हंगाम आलाय, असं म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली असती.

काल नागावहून अण्णांनी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पिकल्या सुपारीचं पोतं धाडलं. दरवर्षी धाडतात. आज दुपारी मी ऑफिसातून आले तेव्हा आमचे हे गच्चीवर ती सुपारी पसरत होते. शेंदरी रंगाची, अजून ओली, आणि तो वास. आंबूसही नाही, गोडही नाही. पावसात भिजलेलं लाकूड उन्हात टाकल्यावर येतो त्याच्या जवळपासचा. जिन्यात तो वास नाकात गेला आणि माझा हात आपोआप पदराला पुसला गेला. दुसऱ्या हातात पर्स होती आणि पर्समध्ये एक कागद. सकाळीच हातात पडलेला, सही-शिक्क्याचा, चार घड्या घातलेला.

कागद, सुपारी आणि घामेजलेले हात. पाच वर्षांपूर्वी हे तिन्ही असेच एकत्र आले होते, आणि तेव्हा मी गाढवपणा केला होता.

नागावला आमची स्वतःची वाडी नव्हती. वाडी अण्णांची, बँकेतून रिटायर झालेला साधा माणूस, दुपारी झोपाळ्यावर पेपर वाचता वाचता घोरणारा. हे त्यांच्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतली सुपारी काढायचे. त्यांचे वडील तेच करायचे, आजाही तेच. मी गावातली अंगणवाडी सेविका. सकाळी पोरांना बडबडगीतं आणि खिचडी, दुपारी रजिस्टरं, आणि हंगामात रविवारी वाडीत दोर धरायला. वरून घड कापला की तो दोरावरून सरसरत खाली येतो. खालचं टोक धरणारं माणूस भरवशाचं लागतं. मी भरवशाची होते, एवढं स्वतःच्या तोंडाने सांगते.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांना हे काम सांगून पटत नाही. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड; माणसाच्या मांडीएवढं जाड खोड, आणि उंची म्हणाल तर मान मोडेपर्यंत वर बघायचं. पायात दोराचं कडं अडकवून चढायचं, घड कापायचा, आणि मग खाली उतरायचं नाही. वरच बसून अंगाने झाडाला झोका द्यायचा. एक, दोन, तीन. झाड वाकत वाकत शेजारच्या पोफळीशी गेलं की तिला हात घालायचा आणि तिच्यावर जायचं. असं सकाळी पहिल्या झाडावर चढलेलं माणूस जेवणवेळेला वाडीच्या दुसऱ्या टोकाला उतरणार. मधल्या वेळात त्याचा पाय जमिनीला लागत नाही. घाटावरून आलेल्या माझ्या मामीने हे एकदा पाहिलं आणि ती तशीच घरात जाऊन देवापुढे बसली.

या कामाचे नियम दोनच. पहिला, वर माणूस झोका घेत असताना खालून अवाक्षर काढायचं नाही. हाक तर नाहीच नाही. साप दिसला तरी गप्प राहायचं. दुसरा नियम वरच्या माणसासाठी. लग्नाच्या पहिल्या हंगामात मी यांना विचारलं होतं, भीती नाही वाटत? हे म्हणाले, "वाटती की. भ्या नसलं तर हात सैल पडतो." आणि मग म्हणाले, "नवं झाड हातात आलं का जुनं सोडायचं. तवाच्या तवा. दोन्ही धरून ऱ्हायलास तर मेलास."

मी हसले होते. बावीस वर्षांची होते, सगळ्यालाच हसायचे.

पुढे त्या हंगामांची सवय झाली. सवय झाली म्हणजे काय, तर हात घामेजायचे ते दोर ओला करण्याइतके, पण तोंड गप्प राहायला शिकलं. मुलगा झाला, मोठा झाला, पुण्याला नोकरीला गेला. मी रात्री अभ्यास करून बाहेरून बी.ए. केलं, कशासाठी ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. शेजारणी म्हणायच्या, आता काय कलेक्टर होणार काय? मी म्हणायचे, व्हय, तुमचं रेशनकार्ड पहिलं बंद करणार.

मग ते जूनमधलं वादळ आलं. त्याच्याबद्दल किनाऱ्यावरच्या प्रत्येक माणसाकडे सांगायला एक गोष्ट आहे, म्हणून मी माझी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी वाडीत गेलो तेव्हा आभाळ नको तिथे दिसत होतं, एवढंच सांगते. पोफळी आडव्या पडल्या होत्या. काही उभ्या होत्या त्यांच्या शेजारणी गेल्या होत्या. जिथे हात घातला की दुसरं झाड यायचं तिथे आता नुसती मोकळी हवा. हे बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग म्हणाले, "खिंडारं पडली." घरी येऊन जेवले आणि झोपले.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. अण्णांनी सांगून पाहिलं, "दत्तू, यंदा राहू दे रे. खालूनच काठीच्या आकडीने लागेल तेवढी काढू." यांनी ऐकलं नाही. पण आता प्रत्येक झाडावर चढायचं, उतरायचं, पुन्हा दुसऱ्यावर चढायचं. जेवणवेळेपर्यंत गुडघे लटलटायचे. संध्याकाळी मी खोबरेल गरम करून द्यायचे, तर म्हणायचे, नको, मी लावतो. पाठ करून बसून लावायचे. मला वाटायचं, माणूस खचलाय, एकटं बसू दे.

आणि त्याच दिवसांत माझ्या हातात कागद पडला. सेविकांमधून मुख्यसेविका भरायच्या होत्या. मी वर्षापूर्वी परीक्षा दिली होती आणि विसरून गेले होते. खरं म्हणजे विसरले नव्हते, विसरल्याचं दाखवत होते. निवड झाली होती. नेमणूक पोलादपूरला, महिन्याच्या अखेरीपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर पुढचं नाव.

पोलादपूर. आमच्याच जिल्ह्यातलं, पण समुद्र नाही, वाडी नाही, ओळखीचं कुत्रं नाही. डोंगर, दऱ्या, आणि चालत जायच्या अंगणवाड्या. मी नागावच्या बाहेर सलग चार दिवस कधी राहिले नव्हते. मला जायचं होतं आणि मला जायचं नव्हतं. दोन्ही सारखंच खरं होतं. सकाळी पोरांना खिचडी वाढताना वाटायचं, जावं. संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला की वाटायचं, छे, वेड लागलंय काय. आणि यांना कसं सांगायचं? ज्याची झाडं गेली त्याच्यापुढे आपलं बढतीचं पत्र घेऊन उभं राहायचं? आधीच खचलेल्या माणसाला म्हणायचं की आता गावही सोडा?

म्हणून मी तो कागद वालाच्या डब्यात ठेवला. तळाशी, वर कडवे वाल ओतून. तांदळाच्या डब्यात ठेवता येत नव्हता, कारण मी सकाळी अंगणवाडीत गेल्यावर भात हेच लावायचे. वालाचं बिरडं मात्र माझं खातं. भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सोलायचे; हा उपद्व्याप यांनी जन्मात केला नव्हता. मी स्वतःवर खूश होते.

मग दिवस मोजणं सुरू झालं. माझं बोलणं तुटक झालं. मीठ जास्त पडायला लागलं. पोरांवर ओरडले, आणि मी पोरांवर कधी ओरडत नाही. हेही गप्प. आमच्या घरात दोन माणसं आणि दोन बंद तोंडं. एकदा हे म्हणाले, "काय होतंय तुला?" मी म्हटलं, "काही नाही. तुम्हाला काय होतंय?" म्हणाले, "कायबी न्हाय." झालं. तेवीस वर्षांचा संसार असा 'काही नाही' वर येऊन ठेपला होता. हजर व्हायला आठ दिवस उरले, मग सहा. मी मनात ठरवून टाकलं की काहीच करायचं नाही. मुदत संपेल, कागद चुलीत जाईल, आणि कुणाला काही कळणार नाही. भित्र्या माणसाला हा मार्ग फार आवडतो. काही न करता निर्णय होतो, आणि दोषही तारखेवर जातो.

त्या रविवारी आम्ही वाडीत गेलो. ऊन छान होतं. अण्णा खाली सुपारी निवडत बसले होते. हे विहिरीजवळच्या पोफळीवर चढले, घड कापले, मी दोर धरून खाली घेतले. आता उतरतील म्हणून मी दोर सैल केला. हे उतरले नाहीत. वरच थांबले. डावीकडे खिंडार होतं, आणि त्याच्या पलीकडे एक उंच पोफळ, घडांनी लदलेली. हे तिच्याकडे बघत होते.

मला कळलं. अण्णांनाही कळलं, कारण त्यांच्या हातातली सुपारी तशीच राहिली. तेवढं अंतर कुणी घेत नाही. तरुणपणी यांनी घेतलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. आणि आम्हा दोघांनाही बोलता येत नव्हतं, कारण झोका सुरू झाला होता.

एक. झाड थोडं वाकलं. दोन. जास्त वाकलं, बुंध्यातून करकरल्याचा आवाज आला. तीन वेळा, चार वेळा, पाचव्या झोक्याला यांचा डावा हात पलीकडच्या खोडाला लागला. लागला, घट्ट झाला. आता उजवा सोडायचा आणि अंग टाकायचं. एवढंच करायचं.

उजवा सुटला नाही.

दोन्ही झाडं यांच्या हातात होती. जुनी पोफळ मागे ओढत होती, नवी पुढे. मधे यांचे दोन हात ताणलेले आणि अंग लोंबकळतं. माझ्या डोक्यात तेवीस वर्षांपूर्वीचं एकच वाक्य होतं, दोन्ही धरून ऱ्हायलास तर मेलास. हे वाक्य त्यांनीच सांगितलेलं, आणि त्यांनाच आठवत नव्हतं. मी दोर इतका आवळला होता की हाताची साल गेली. किती वेळ गेला, सांगता येत नाही. अण्णा म्हणतात, पाणी प्यायला लागतो तेवढा. माझ्या हिशेबात एक अख्खी दुपार होती.

मग मी नियम मोडला. 'अहो' म्हणून हाक मारली असती तर अर्धं गाव 'अहो' असतं. मी नाव घेतलं. आजवर ते लग्नात आणि डोहाळजेवणात उखाण्यातून घेतलं होतं, तेवढंच. आता उखाण्याशिवाय, उघडंबोडकं, त्यांच्या आईने मारली असती तशी हाक.

"दत्ताराम, जुनं सोड!"

उजवा हात सुटला. जुनी पोफळ सपकन मागे गेली. नवी यांना घेऊन पलीकडे इतकी झुकली की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा हे तिच्या खोडाला हातापायांनी मिठी मारून होते आणि हळूहळू घसरत खाली येत होते. घडांना हातसुद्धा लावला नव्हता. खाली आले, बसले. छातीवर ओरखडे, कपाळावर मातकट घाम. अण्णा पाणी आणायला धावले. हे माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नाव घेतलंस."

"घेतलं," मी म्हटलं, आणि मग रडले. वाडीत, उघड्यावर, दोर हातात धरून. लाज वाटली नाही.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात पाण्याच्या कळशीमागे एक पातेलं झाकलेलं दिसलं. उघडलं तर आत वाल भिजत घातलेले. चांगले फुगले होते. मी घातले नव्हते. घरात तिसरं माणूस नव्हतं. मी ते झाकण हातात धरूनच वळले.

बाहेर ओट्यावर येऊन मी विचारलं, "वाचलात?"

"व्हय. आठ दिस झाले. भूक लागली व्हती, वाल भाजून खावं म्हटलं, तं कागद लागला."

"आणि बोलला नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." मग हे म्हणाले, "तू न्हाय बोललीस. मंग आज सकाळी वाल भिजत घातले. म्हटलं, डबा उघडल्याचं तरी कळंल."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "आणि ते झाड? ते कशाला?"

हे ओट्याची कड नखाने खरवडायला लागले. मग म्हणाले, "वाटलं, तेवढं खिंडार जमलं, तं सगळं जुन्यावानी चालंल. मंग तुला सांगता येईल, ऱ्हा हितंच, कशाला जातीस. मी हाय की कमवता." आणि मग डावा हात माझ्यापुढे धरला. बोटं बारीक थरथरत होती. "गेल्या पावसापास्नं झोपतोय ह्यो. धरतो का न्हाय, कळत न्हाय. म्हणून उजवा सोडवंना."

तेल पाठ करून का लावायचे, ते तेव्हा कळलं. मी कागद लपवला होता आणि यांनी हात. दोघांनीही एकमेकांची काळजी म्हणून. आणि माझ्या त्या काळजीपायी माझा माणूस मरणाच्या दारात जाऊन आला. हे मी पाच वर्षांत कुणाला सांगितलं नाही, आज लिहिते आहे. लोकांना वाटतं, लपवणं म्हणजे खोटं बोलणं. तसं नसतं. भीती वाटते, आणि आपण तिला प्रेम म्हणतो.

मंगळवारी वालांना मोड आले. आम्ही दोघं समोरासमोर बसून सोलायला लागलो. सोललेला वाल बुळबुळीत असतो, यांच्या डाव्या हातातून सारखा निसटून टोपात पडत होता. मी मुद्दाम बघत नव्हते. अर्धे सोलून झाल्यावर हे म्हणाले, "पोलादपूरला वाल मिळतात काय?"

"मिळत असतील," मी म्हटलं. "नसले तर नेऊ."

आमचं ठरलं ते एवढंच.

जाण्याची बढाई मारत नाही. पहिले सहा महिने वाईट गेले. घाटात एसटी वळली की हे पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून बसायचे. जो माणूस उभी हयात पोफळीच्या शेंड्यावर हिंडला तो बसमध्ये रामनाम जपायचा. मी म्हणायचे, "एक हात तरी सोडा." म्हणायचे, "तू गप." मला रात्री समुद्राच्या आवाजाशिवाय झोप यायची नाही. डोंगरातल्या अंगणवाड्यांना चढून जाताना धाप लागायची आणि वाटायचं, कोणी सांगितलं होतं. हळूहळू हे माझ्याबरोबर चालायला लागले. रान बघायचे, झाडं हातांनी चाचपायचे, म्हाताऱ्यांशी गप्पा मारायचे. एका वाडीवर बायांना परसात पोफळीची रोपं लावून दिली. जगणार नाहीत, मी सांगत होते. निम्मी जगली. हात अजून थरथरतो, पण लपवत नाहीत.

आमच्या प्रशिक्षणात दरवर्षी कुणीतरी पडद्यावर चित्रं दाखवून बदलाला सामोरं कसं जावं ते शिकवतं. भीती मनातून काढून टाका म्हणतात. मी मागच्या बाकावर बसून शेंगदाणे खाते. भीती काढून टाकली तर हात सैल पडतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

तर आजचा कागद. बदली खालापूरला. हायवे, कारखाने, वीटभट्ट्या, पाच राज्यांतून आलेल्या बायकांची पोरं; त्यांच्याशी कुठल्या भाषेत बडबडगीतं म्हणायची तेही मला माहीत नाही. इथे आता कुठे ओळखीची कुत्री झाली होती. जिना चढताना, खरं सांगते, एकदा मनात आलंच. डबा तोच आहे. वालही भरलेले आहेत. दोन दिवस ठेवू, हंगामाचं काम होऊ दे, मग बघू. पर्समधला हात ओला झाला होता.

गच्चीवर हे उकिडवे बसून सुपारी सारखी करत होते. मी समोर जाऊन उभी राहिले, कागद काढला आणि पुढे धरला.

यांनी हात धोतराला पुसला आणि कागद डाव्या हातात घेतला. तो फडफडत होता, वारा नसताना. उजवा हात मदतीला आणला नाही. चष्मा खाली घरात राहिला होता, म्हणून वाचताही येत नव्हतं. नुसता शिक्का बघितला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि विचारलं, "कदी निघायचं?"